शिवी पकडली जाते, बातमी सुटते

कर्नाटकच्या विधिमंडळात २०२५च्या डिसेंबरमध्ये द्वेषमूलक भाषणाविरुद्ध तुरुंगवासाची तरतूद असलेले स्वतंत्र विधेयक आले आणि एक जुना वाद नव्याने पेटला. समाजात विष पेरणाऱ्यांना, त्यातही रोज रात्री पडद्यावर आरडाओरडा करणाऱ्या निवेदकांना, जरब बसेल असा कायदा हवाच, असे एक बाजू म्हणते. आज द्वेषाच्या नावाने झालेला कायदा उद्या टीकाकारांच्या मानगुटीवर बसेल, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण वृत्तमाध्यमांचा विषय निघाला की दोघीही एकच गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे दोष भाषेत आहे. मग कोणता शब्द चालेल, कोणता चालणार नाही, निवेदकाचा आवाज किती चढला, पातळी किती घसरली, यावर परिसंवाद झडतात. माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. बातमीतला द्वेष प्रामुख्याने शब्दांत नसतो. न तपासलेल्या किंवा अर्धवट माहितीच्या जोरावर, चार माणसांच्या कृत्यासाठी त्यांच्या सगळ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, हा खरा दोष आहे, आणि तो अत्यंत सभ्य भाषेतही करता येतो. त्यामुळे त्यावरचा उपाय पोलीस ठाण्यात सापडणार नाही. बातमी हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्या व्यावसायिक उत्तरदायित्वातच तो शोधावा लागेल, आणि हे उत्तरदायित्व त्यांच्या मर्जीवर सोडून भागणार नाही.

भाषेच्या कसोटीचे काय होते, हे आपण मुंबईत पाहिले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मधल्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८च्या अहवालात जानेवारीतल्या हिंसाचाराची मीमांसा करताना हिंदू जातीयवादी संघटनांच्या प्रचाराबरोबरच ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ या वृत्तपत्रांतील लेखनाचा नाव घेऊन उल्लेख केला. त्याच्या कितीतरी आधी, ‘सामना’तील अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांच्यावर खटला भरण्याचा आदेश सरकारला द्यावा, अशी मागणी घेऊन राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले होते. १९९४मध्ये ती याचिका फेटाळली गेली. लेखन समग्र वाचले पाहिजे, भाषा जहाल असली तरी रोख सरसकट मुस्लिमांवर नसून देशविरोधी मुस्लिमांवर आहे, असा त्या निकालाचा आशय होता, आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे त्यात हात घातला नाही. सरकार बदलल्यावर जुलै २०००मध्ये ठाकरे यांना अटक झाली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतबाह्य ठरवून त्याच दिवशी निकाली काढले. या इतिहासाबद्दल कुणी न्यायालयाला दोष देतो, कुणी सरकारला. मला कसोटीच सदोष वाटते. लेखणीवर हात बसलेला कोणताही संपादक समाजाच्या नावाआधी एक विशेषण लावून ठेवतो. विशेषण न्यायालयासाठी असते आणि नाम वाचकासाठी. अग्रलेखातली वाक्ये तराजूत तोलली गेली, पण त्या दिवसांत छापल्या गेलेल्या बातम्या कुणी, कशावरून तपासल्या होत्या आणि त्यांतली खोटी ठरलेली एक तरी त्याच जागी दुरुस्त झाली का, हे सक्तीने विचारू शकणारी यंत्रणाच नव्हती. आजही नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात हाच पेच याहून ठसठशीतपणे दिसला. ‘डेर श्ट्यूर्मर’ या बीभत्स ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक युलियस श्ट्रायखर याला १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फाशी देण्यात आले. त्याच खटल्यातला आणखी एक आरोपी हान्स फ्रित्शे हा गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयात नभोवाणी विभागाचा प्रमुख होता आणि घराघरांत पोहोचलेला समालोचक होता. तो निर्दोष सुटला. त्याच्या भाषणांत ज्यूद्वेष होता, युद्धाचे खापर तो ज्यूंवर फोडत होता, हे न्यायाधिकरणाने मान्य केले. पण त्याने छळाची किंवा संहाराची हाक दिली नव्हती. त्याने खोट्या बातम्या प्रसारित केल्या हेही निकालात आहे, मात्र त्या खोट्या असल्याचे त्याला ठाऊक होते हे सिद्ध झाले नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत म्हणायची तर) श्ट्रायखरचे ते साप्ताहिक बंद व्हावे म्हणून याच फ्रित्शेने दोनदा प्रयत्न केले होते, हा मुद्दा त्याच्या बाजूने नोंदला गेला. म्हणजे सुसंस्कृत प्रचारकालाही शिवराळ प्रचारक सहन होत नव्हता! फौजदारी कायद्याच्या दृष्टीने निकाल कदाचित योग्यच असेल, कारण हेतू आणि जाणीव सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा होऊ नये. पण पत्रकारितेचे काय? ‘मला ते खोटे आहे हे माहीत नव्हते’ हे न्यायालयातले उत्तम बचावाचे वाक्य वृत्तसंपादकाच्या टेबलावर गुन्ह्याची कबुली ठरायला हवे, कारण माहीत करून घेणे एवढेच तर त्याचे काम असते.

रवांडाचे नाव मी इथे मुद्दाम उशिरा घेतो आहे. वृत्तमाध्यमांतल्या द्वेषावर बोलताना तुत्सींच्या वंशसंहाराला चिथावणी देणाऱ्या ‘रेडिओ मिल कोलीन’ या तिथल्या नभोवाणी केंद्राचा दाखला फेकून समोरच्याला गप्प करण्याची एक आळशी पद्धत रूढ झाली आहे आणि आपल्याकडच्या प्रत्येक आक्रस्ताळ्या चर्चेला वंशसंहाराच्या पायरीवर बसवणे हा अतिरेकच आहे. त्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हे केंद्र जुलै १९९३मध्ये सुरू झाले, लोकप्रिय संगीत आणि गप्पांच्या ढंगाने त्याने श्रोते मिळवले, आणि कत्तल एप्रिल १९९४मध्ये सुरू झाली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने २००७मध्ये अंतिम निकाल देताना, वंशसंहाराची थेट चिथावणी म्हणून फक्त ६ एप्रिल १९९४नंतरचीच प्रसारणे धरली. आधीचे नऊ महिने द्वेषाचे होते, पण गुन्ह्याचे म्हणून सिद्ध झाले नाहीत. चिथावणीचा कायदा किती काटेकोर असावा याचा हा नमुना आहे, आणि तो इतका काटेकोर असतो म्हणूनच माध्यमांना वेळेत वळण लावण्याचे काम त्याच्याकडून होत नाही, याचाही.

आता आपल्याकडचे, आणि गुंतागुंतीमुळे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण. मार्च २०२०मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मर्कजमध्ये तबलिगी जमातीचा मेळावा झाला. तिथून परतलेल्यांमार्फत अनेक राज्यांत कोरोनाचा प्रसार झाला, हे खोटे नव्हते. १८ एप्रिल रोजी आरोग्य मंत्रालयाने देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे जवळजवळ तीस टक्के, या एका मेळाव्याशी निगडित असल्याचे सांगितले. आयोजकांनी बेपर्वाई केली का, हा प्रश्न विचारणे पत्रकारांचे कर्तव्यच होते. पण हा आकडा बाकी सगळ्या आकड्यांपासून वेगळा काढून दररोज सांगितला जात होता, ज्यांचा शोध घेऊन चाचण्या केल्या जात होत्या त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणारच हे साधे गणित कुणी सांगत नव्हते, आणि त्या काळात झालेल्या इतर गर्दींचा असा हिशेब कुणी मांडला नाही. ‘कोरोना जिहाद’ हा शब्द समाजमाध्यमांतून उचलून वाहिन्यांच्या पट्ट्यांवर आला. सुरुवातीला त्याला अवतरणचिन्हे होती, मग प्रश्नचिन्ह आले, मग तेही गळून पडले. गावोगाव भाजीवाल्याला आधी नाव विचारले जाऊ लागले. यातल्या किती वाक्यांवर गुन्हा दाखल करता आला असता? आकडा सरकारी, प्रश्नचिन्ह सुरक्षित, आणि ‘आम्ही फक्त विचारतो आहोत’ हे उत्तर तयार.

पुढे काय झाले तेही पाहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालात छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत या परदेशी नागरिकांविरुद्ध मोठा प्रचार झाल्याचे, आणि साथीच्या काळात सत्ता बळीचा बकरा शोधत असते असे, स्पष्टपणे लिहिले. (पीठावरील दुसऱ्या न्यायमूर्तींनी निष्कर्ष मान्य केला, मात्र काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली, हेही सांगायला हवे.) वाहिन्यांच्या स्वतःच्या नियामक मंडळाने जून २०२१मध्ये दोन कन्नड वृत्तवाहिन्यांना दंड केला: एकीला एक लाख, दुसरीला पन्नास हजार. ज्या कार्यक्रमांबद्दल हा दंड होता ते २०२०च्या मार्च-एप्रिलमधले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने मर्कजप्रकरणी ७० भारतीयांवरचे गुन्हे रद्द केले ते जुलै २०२५मध्ये. आरोप ज्या जोराने आणि ज्या वेळी घराघरांत गेला, त्याच जोराने त्याची दुरुस्ती जावी, यासाठी या पाच वर्षांत वाहिन्यांना परिणामकारकपणे कुणी भाग पाडले नाही, आणि भाग पाडण्याची व्यवस्थित सोयही आपल्या व्यवस्थेत नाही.

शांत स्वरात, तक्ते आणि नकाशे दाखवून केलेला द्वेष तर याहूनही सहज निसटतो. २०२०मध्ये सुदर्शन टीव्हीने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मुस्लिमांची ‘घुसखोरी’ चालल्याचा दावा करणारी मालिका सुरू केली. त्या वर्षी निकाल लागलेल्या परीक्षेत ८२९ उमेदवार निवडले गेले होते आणि त्यांत मुस्लिम सुमारे पाच टक्के होते. २०११च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १४.२ टक्के आहे. म्हणजे दावा मोडून काढायला एक भागाकार पुरेसा होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर रोजी उरलेल्या भागांचे प्रसारण थांबवले. प्रसारणाची नियमावली मोडल्याचे नंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानेही मान्य केले आणि वाहिनीला पुढे जपून राहण्याची समज दिली. समज!

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप महाराष्ट्राला कुणी शिकवण्याची गरज नाही. १८९७मध्ये ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्या. स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावून ज्युरीला मार्गदर्शन केले आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यानंतर लगेच, १८९८च्या दुरुस्तीत, राजद्रोहाचे कलम अधिक रुंद झाले आणि त्याच दुरुस्तीने समाजगटांत शत्रुत्व पसरवण्याचे १५३अ हे कलम दंडसंहितेत आले; तेच आज भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकाने नांदते आहे. द्वेषविरोधी कलमाचा जन्म पत्रकारांच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या घरात झाला, ही गोष्ट विसरून चालणार नाही. शिवाय या कलमाखाली न्यायालयाने दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. कुणावर खटला चालवायचा आणि कुणाची फाइल धूळ खात ठेवायची हे ज्याच्या हातात आहे, त्याच्याच बाजूने जर द्वेषाची वाहिनी बोलत असेल तर ती परवानगी कधी मिळेल? म्हणून तुरुंगवास वाढवा, नवी कलमे आणा, ही मागणी मला धोकादायक वाटते. विधी आयोगाने २०१७च्या आपल्या २६७व्या अहवालात आणखी दोन कलमे सुचवली, सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सगळ्या राज्यांच्या पोलिसांना तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवायला सांगितले. दोन्हींमागची तळमळ खरी आहे, पण दोन्ही गोष्टी शेवटी पोलिसांच्या आणि सत्तेच्या निवडीवर येऊन थांबतात. हिंसेची थेट चिथावणी एवढ्यापुरते फौजदारी कलम असावे आणि ते अरुंद असावे. इथवर मी स्वातंत्र्यवाद्यांबरोबर आहे.

पण त्यांचा पुढचा मुक्काम मला मान्य नाही. तुरुंग नको म्हणजे काहीच नको, हे कुठून आले? वृत्तवाहिनी म्हणजे चौकात उभा राहून मत मांडणारा नागरिक नव्हे. तिला सरकारची परवानगी लागते, ती जाहिराती विकते, आणि ‘हे घडले आहे’ असे सांगून लोकांचा विश्वास हा माल म्हणून बाजारात आणते. खानावळीत गर्दी होते म्हणून अन्न व औषध प्रशासन भेसळीकडे डोळेझाक करत नाही, आणि भेसळ सापडली म्हणून आचाऱ्यावर राजद्रोह लावत नाही. मधला रस्ता प्रत्येक व्यवसायाला लागू आहे, मग बातमीलाच का नाही? लोकांना हेच बघायला आवडते, टीआरपी तेच सांगतो, या युक्तिवादावर याहून अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. एखाद्या समाजातल्या माणसांनी गुन्हा केला तर तो लपवायचा का, असे लोक विचारतात, आणि या प्रश्नामागे आपल्याच जुन्या संकेताचा राग आहे. दंगलीच्या बातमीत ‘दोन गटांत हाणामारी’, ‘विशिष्ट समाजाचा जमाव’ असे लिहायचे, हा संकेत सद्हेतूने आला होता आणि एकेकाळी त्याने आगी विझवल्याही असतील. पण आज वाचकाच्या खिशात घटनेचे चित्रीकरण आधीच येऊन पडलेले असते. वर्तमानपत्र नाव गाळते, वाचक ते भ्रमणध्वनीवरून जाणून घेतो, आणि मग वर्तमानपत्र आपल्यापासून काहीतरी दडवते आहे ही त्याची खात्री पटते. द्वेषाच्या दुकानदारांना यासारखे भांडवल दुसरे नाही. त्यामुळे नाव घ्या, असेच मी म्हणेन, मात्र तपासून घ्या. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्याच्या मुळाशी होती, पण बातमी देशभर धार्मिक रंग घेऊन फिरू लागली. तेव्हा गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नसल्याचे जाहीर केले. ‘विशिष्ट समाज’ वगैरे आडपडदा ठेवला असता तर संशय वाढलाच असता. खरी नावे, खरा तपशील पुढे आल्याने त्या कहाणीचा पायाच ढासळला. अर्थात अशी यादी मंत्र्याला वाचावी लागणे हीच त्या आठवड्यातल्या पत्रकारितेवरची टिप्पणी आहे.

आणि समाजमाध्यमांचे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले, ते मुले पळवणाऱ्यांच्या अफवेवरून. त्यासाठी कुठल्या स्टुडिओतल्या चर्चेची गरज लागली नाही. हे मान्य करावेच लागते, आणि जो म्हणेल की वाहिन्या सुधारल्या की द्वेष आटेल, तो स्वतःची फसवणूक करतो आहे. तरीही एक फरक आहे. अफवेला मुद्रा लागते. ‘टीव्हीवर दाखवले’, ‘पेपरात आले’ ही मुद्रा बसली की गटागटांत फिरणाऱ्या मजकुराला पुरावा मिळतो, आणि खरोखरच आज फिरणाऱ्या चित्रफितींचा मोठा हिस्सा रात्रीच्या चर्चांच्या कात्रणांचाच असतो. ज्याला मुद्रा मारण्याचा मान आहे त्याच्यावर ती खोट्या कागदावर न मारण्याची जबाबदारी जास्त, इतकाच माझा मुद्दा आहे.

मधला रस्ता कसा असतो याचे एक उदाहरण आपल्याच एका वाहिनीने पुरवले आहे. सप्टेंबर २०१९मध्ये रिपब्लिक भारतवर चांद्रयान-२च्या निमित्ताने झालेल्या चर्चेत पाकिस्तानी लोकांबद्दल सरसकट हीन उद्गार काढले गेले. तोच कार्यक्रम ब्रिटनमध्येही दिसला, आणि तिथल्या ‘ऑफकॉम’ या वैधानिक, पण मंत्रालयापासून स्वतंत्र असलेल्या नियामकाने डिसेंबर २०२०मध्ये परवानाधारक कंपनीला २०,००० पौंड दंड केला आणि निर्णयाचे निवेदन वाहिनीवर प्रसारित करायला लावले. कुणी तुरुंगात गेले नाही, वाहिनी बंद पडली नाही. तिथला कायदा दंडाची कमाल मर्यादा अडीच लाख पौंड किंवा महसुलाच्या पाच टक्के, यांतली जी मोठी असेल ती, अशी ठेवतो. आपल्याकडच्या स्वयंनियमनात २०२३मध्ये कमाल दंड एक लाख रुपये होता, तोही मंडळाच्या सदस्य वाहिन्यांनाच लागू. २००९मध्ये एका मोठ्या हिंदी वाहिनीला हा दंड झाला, तेव्हा तिने संघटनेचाच राजीनामा दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये या व्यवस्थेला कायद्याचे अधिष्ठान नसल्याकडे बोट दाखवले आणि ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कार्यक्रमातून मिळणाऱ्या नफ्यापुढे एक लाखाची कुणाला पर्वा, असे विचारले. प्रेस कौन्सिलची अवस्था याहून केविलवाणी आहे. तिच्या कक्षेत फक्त छापील माध्यमे येतात आणि ताशेरे मारणे एवढाच तिचा अधिकार.

मग मंत्रालयाकडेच अधिकार द्यावेत का? मुळीच नाही. मार्च २०२०मध्ये दिल्लीच्या दंगलीच्या वार्तांकनाबद्दल मंत्रालयाने दोन मल्याळम वाहिन्या ४८ तासांसाठी बंद केल्या आणि दुसऱ्याच दिवशी आदेश मागे घेतला. त्यांपैकीच ‘मीडिया वन’ची परवानगी पुढे सुरक्षेच्या बंद लिफाफ्यातल्या कारणावरून अडवली गेली, ती एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत मिळवून दिली. म्हणून संस्था हवी ती कायद्याने स्थापन झालेली, निवडीत सरकारचे बहुमत नसलेली, आणि कार्यक्रम आधी अडवण्याचा अधिकार नसलेली. तिने मताला हात लावू नये. तपासता येण्याजोगे विधान खोटे होते का, ते तपासले होते का, आणि व्यक्तींचे कृत्य समाजाच्या नावावर मांडले का, एवढेच पाहावे. दंड त्या कार्यक्रमाच्या जाहिरात उत्पन्नाशी जोडलेला असावा आणि दुरुस्ती त्याच वेळी, त्याच निवेदकाच्या तोंडून, तेवढाच वेळ व्हावी. दंडापेक्षा ही दुसरी अट वाहिन्यांना जास्त झोंबेल असा माझा अंदाज आहे. अशा संस्था नेमणुका न करून मारता येतात, हे माहिती आयोगांच्या रिकाम्या खुर्च्यांवरून दिसतेच, त्यामुळे ठरावीक मुदतीत नेमणुकीचे बंधन कायद्यातच लागेल. आणि वाहिनीला मिळणारी परवानगी दहा वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणाच्या वेळी या संस्थेचे सगळे निष्कर्ष जनतेपुढे मांडावेत आणि ते विचारात घेतल्याचे कारणांसह लेखी नोंदवावे, एवढे कलम त्यात घातले तरी वृत्तसंपादकाच्या टेबलावर मथळा ठरवताना आजवर न विचारला गेलेला एक प्रश्न विचारला जाऊ लागेल.